टायबॅक : मागे बांधायचं, पण कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भाषांतरासाठी तीन कागद आले आहेत. एक खोल खोदकामाचा अहवाल, दुसरा समुद्रातल्या तेलक्षेत्राचा, तिसरा घोड्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेचा. तिन्हींत ‘टायबॅक’ हा शब्द आहे आणि शब्दकोश सांगतो, ‘पडदा बाजूला बांधून ठेवायची पट्टी’. तिन्ही ठिकाणी चालेल असा एक मराठी शब्द आहे का? नसेल तर कुठे काय लिहावं?

एकच शब्द मिळणार नाही. ओढूनताणून बनवलात तरी त्या तिघांपैकी एकाही क्षेत्रातला वाचक तो ओळखणार नाही. मात्र एक प्रश्न सगळीकडे उपयोगी पडतो. काय बांधलंय ते नंतर बघा, आधी कशाला, म्हणजे कोणत्या वस्तूला, बांधलंय ते विचारा. मी गेली तीसेक वर्षं खोल खड्ड्यांच्या भिंती उभ्या ठेवण्याचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकणार हे गृहीत धरा. इतर क्षेत्रांतलं, त्या त्या कामातल्या लोकांजवळ बसून जेवढं समजून घेतलं तेवढंच लिहितो.

या शब्दातलं ‘बॅक’ मुख्यतः दोन तऱ्हेचं असतं. एका तऱ्हेत, पुढे पडू किंवा सरकू पाहणारी वस्तू मागे ओढून धरायची असते. तंबूच्या काठीला तणावा देतो आणि तो खुंट्याला बांधतो, तसं. दुसऱ्या तऱ्हेत कोणी पडतही नसतं आणि कोणी ओढतही नसतं. दूर, एकटी पडलेली गोष्ट मागे आणून मूळ व्यवस्थेला जोडायची असते. खोदकाम, पडदा, दात आणि घोडा हे पहिल्या घरातले. तेल दुसऱ्या घरातलं. म्हणजे तुमच्या तीन कागदांत दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि एकच प्रतिशब्द लावला असतात तर तेलाचा अहवाल नक्की बिघडला असता.

खोदकामापासून सुरुवात करतो.

नऊ मीटर खोल खड्डा खणला की त्याच्या कडेची माती आत यायला बघते. ती अडवायला भिंत लागते आणि त्या भिंतीला आधार लागतो. एक उपाय म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडव्या तुळया अडकवायच्या. याला स्ट्रट म्हणतात. हा उपाय जुना आणि चांगला आहे, पण मग खड्डा तुळयांनी भरून जातो. पोकलेन फिरवायला जागा राहत नाही, स्लॅब टाकताना दर वेळी कुठली तरी तुळई आड येते. दुसरा उपाय म्हणजे आतून ढकलण्याऐवजी बाहेरून ओढायचं. भिंतीला तिरकं भोक पाडून मागच्या मातीत ड्रिलिंग करायचं, साधारण १५ ते ३० अंश खाली झुकतं. त्यात उच्च ताकदीच्या तारांचे पेड, म्हणजे स्ट्रँड, सोडायचे. भोकाच्या टोकाकडच्या भागात सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरून ते मातीला चिकटवायचे. ग्राउट घट्ट झालं की भिंतीच्या बाजूने जॅक लावून स्ट्रँड ओढायचे आणि पाचरी मारून तो ताण तिथेच कोंडून ठेवायचा. खड्डा मोकळाच्या मोकळा. हा टायबॅक.

याचे तीन भाग असतात आणि भाषांतरात त्यांची गल्लत झाली तर अहवालाचा अर्थच उलटा होतो. भिंतीपाशी दिसतं ते हेड : प्लेट, तिच्यावर पाचरींचा ठोकळा. मग मोकळी लांबी, जिथे स्ट्रँडवर ग्रीस आणि प्लास्टिकची नळी असते आणि तो आजूबाजूच्या कशालाही चिकटलेला नसतो. शेवटी पकडीची लांबी, जिथे तो ग्राउटमध्ये आणि ग्राउट मातीत घट्ट असतं. नवख्या माणसाला वाटतं, सगळी लांबी चिकटवली तर पकड जास्तच मिळेल, मग मोकळी लांबी कशाला ठेवायची? यातच टायबॅकचं सगळं मर्म आहे.

भिंत सुटली तर तिच्या मागची सगळी माती येत नाही. एक त्रिकोणी तुकडा येतो. घर्षणकोन, म्हणजे मातीच्या कणांमधल्या घर्षणाचं माप, ३० अंश असलेल्या मातीत हा तुकडा खड्ड्याच्या तळापासून ६० अंशांच्या चढाने वर जाणाऱ्या प्रतलावर घसरतो. त्या प्रतलापलीकडची माती जागची हलत नाही. आता नऊ मीटर खोल खड्डा घ्या, जमिनीखाली दोन मीटरवर टायबॅकचं हेड आणि १५ अंशांचा उतार. हिशेब केला तर टायबॅक त्या घसरप्रतलाला सुमारे ३.६ मीटरवर छेदतो. म्हणजे पहिले ३.६ मीटर तो पडणाऱ्या मातीतच आहे. तिथे पकडून काय उपयोग? ज्या फांदीवर बसलोय तिलाच दोरी बांधण्यासारखं ते. म्हणून मोकळी लांबी प्रतलाच्या पलीकडे आणखी दीड मीटर किंवा खड्ड्याच्या खोलीचा पाचवा हिस्सा, यांतलं जे जास्त असेल तेवढी नेतात. इथे ती साडेपाच मीटरच्या आसपास येते. शिवाय पकडीच्या भागाच्या मध्यावर मातीचं पुरेसं ओझं हवं, साधारण साडेचार मीटर. ते गाठायचं तर या उदाहरणात मोकळी लांबी आठ मीटरपर्यंत जाते.

याच मापांच्या एका कामावर घडलेली गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवते. चार स्ट्रँडचे टायबॅक होते, प्रत्येक स्ट्रँड १५.२ मिलीमीटरचा. सुरुवातीला थोडा ताण देऊन सैलपणा काढला आणि तिथून पुढे ४०० किलोन्यूटन वाढवले. आठ मीटर मोकळ्या पोलादाने एवढ्या ओढीला किती ताणलं जावं, हे कागदावर काढता येतं : चार स्ट्रँडचं क्षेत्रफळ ५६० चौरस मिलीमीटर, पोलादाचा ताठरपणा सांगणारा मापांक १९५ गिगापास्कल, उत्तर सुमारे २९ मिलीमीटर. त्या दिवशी सरकणं मोजणाऱ्या डायल गेजवर आले १२.

ठेकेदाराचा फोरमन खूश. “साहेब, बघा केवढा मजबूत बसलाय, हलायला तयार नाही.”

मजबूत नव्हता. १२ मिलीमीटरचा अर्थ असा की ताणलं जाणारं पोलाद जेमतेम सव्वातीन मीटर होतं. त्यापुढे तो कुठेतरी चिकटला होता. स्ट्रँड आत सरकवताना प्लास्टिकची नळी फाटली असावी आणि ग्राउट आत शिरलं असावं. सव्वातीन मीटर म्हणजे ३.६ च्या अलीकडे. जी माती पडणार तिलाच आमचा टायबॅक मिठी मारून बसला होता, आणि भिंत सुटली असती तर मातीसकट, हेडसकट, ४०० किलोन्यूटनच्या ताणासकट सगळं एकत्र खड्ड्यात आलं असतं. जॅक मात्र त्याही स्थितीत पूर्ण भार दाखवत होता. नुसता भार बघणारा माणूस तिथे फसतो. म्हणून नियम असा की आलेलं ताणणं हिशेबाच्या किमान ८० टक्के तरी हवं. कमी आलं तर टायबॅक नापास. तो टायबॅक सोडून दिला आणि बाजूला नवा घातला. फोरमन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मराठीत ‘खुंटा हलवून बळकट करणे’ म्हणतात, तेच इथे अक्षरशः केलं जातं. प्रत्येक टायबॅक कामाला लावण्याआधी त्याच्या नेहमीच्या भाराच्या १.३३ पट ओढून बघतात. तो भार धरून ठेवतात आणि पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत हेड किती सरकतं ते मोजतात. एक मिलीमीटरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर तासभर धरतात आणि सहाव्या ते साठाव्या मिनिटात दोन मिलीमीटरपेक्षा जास्त सरकू देत नाहीत. इमारतीच्या इतर कुठल्या भागाची अशी परीक्षा होते? पाया कोणी सव्वापट दाबून बघत नाही, तुळई कोणी वाकवून बघत नाही. एखाद्‌दुसऱ्या नमुन्यावर भागतं. टायबॅक हा असा अवयव आहे की तो एकेक तपासून मगच सेवेत येतो. मला या कामात रस वाटायचं ते एक मोठं कारण आहे. अहवालात ‘प्रूफ टेस्ट’, ‘परफॉर्मन्स टेस्ट’ आणि ‘लॉक-ऑफ’ हे शब्द सापडतील. पहिली वर सांगितलेली सरसकट चाचणी. दुसरी तिचीच सविस्तर बहीण, टप्प्याटप्प्याने भार चढवत-उतरवत, मोजक्या टायबॅकवर होणारी. लॉक-ऑफ म्हणजे पाचरी मारल्यावर शेवटी कायम राहिलेला ताण. त्याला ‘कुलूपबंद’ वगैरे लिहू नका, कृपा करून.

ही कल्पना धरणांवरून आली. १९३४ मध्ये फ्रेंच अभियंता आंद्रे कॉइन यांनी अल्जीरियातल्या शेर्फा धरणाला उभ्या केबलांनी खालच्या खडकात बांधून ताण दिला. खडकात पकड मिळवणं त्यामानाने सोपं. मातीत ते जमायला १९५८ उजाडलं, जर्मनीत म्युनिकच्या एका खोदकामात बावर कंपनीने ग्राउट दाबाने भरून मातीतला अँकर यशस्वी केला. त्यानंतर स्ट्रट नसलेले मोकळे खड्डे जगभर दिसू लागले.

‘तात्पुरता’ आणि ‘कायमचा’ हे दोन शब्द भाषांतरात कधीही गाळू नका. तळघराचे स्लॅब पडले की ते भिंतीला आतून धरतात, टायबॅकचं काम संपतं, ताण सोडून देतात. अशा तात्पुरत्या टायबॅकचं आयुष्य युरोपीय मानकानुसार जास्तीत जास्त दोन वर्षं धरतात आणि गंजापासूनचं संरक्षण बेताचंच असतं. कायमच्या टायबॅकला दुहेरी आवरण लागतं, देखरेख लागते, हेडची टोपी उघडून बघावी लागते. तैवानमध्ये २५ एप्रिल २०१० रोजी तिसऱ्या क्रमांकाच्या द्रुतगती मार्गावर अँकरांनी धरून ठेवलेला डोंगराचा उतार खाली आला, चार माणसं गेली. त्या वेळी पाऊस नव्हता, भूकंपही नव्हता. गंजून क्षीण झालेले अँकर हे चौकशीत पुढे आलेलं एक प्रमुख कारण होतं. पोलाद ताणाखाली असताना गंजलं तर आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, तुटतं.

आणखी एक गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. टायबॅक बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या जमिनीखाली जातो. पंधरा मीटर तिरकं ड्रिलिंग म्हणजे हद्द ओलांडणं आलंच. त्यासाठी लेखी परवानगी लागते आणि अहवालात ‘ईझमेंट’, म्हणजे दुसऱ्याची जमीन वापरायचा हक्क, असा शब्द असेल तर तो याच संदर्भात असणार. काम संपल्यावर स्ट्रँड तिथेच राहतात. वीस वर्षांनी शेजारी खणायला लागला की त्याच्या यंत्राच्या दातात ते अडकतात. भुयार खणणाऱ्या यंत्राच्या तर कटरहेडला गुंडाळले जातात आणि मग माणसं आत जाऊन ते कापत बसतात. म्हणून आता काही ठिकाणी काढून घेता येतील असे टायबॅक मागतात. महाग असतात. मी तरी शक्य तिथे तेच सुचवतो.

त्याच्या चुलतभावंडांशीही घोळ होतो. सॉइल नेल वरून अगदी टायबॅकसारखा दिसतो, पण तो पूर्ण लांबीभर चिकटवलेला असतो आणि त्याला मुद्दाम ताण देत नाहीत. माती थोडी सरकली की मगच तो काम करायला लागतो. बंदराच्या धक्क्यामागे टाय रॉड असतो, तो मागे पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधतात. त्या ठोकळ्याला डेडमॅन म्हणतात, त्याचा कुठल्याही प्रेताशी संबंध नाही. (एका भाषांतरात मी ‘मृत मनुष्यास बांधलेली सळई’ वाचलं आहे. हसू आवरेना.) जुन्या दगडी इमारतींत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत आरपार जाणारी सळई असते, बाहेरून एक्स किंवा एसच्या आकाराची लोखंडी प्लेट दिसते. दोन पडू पाहणाऱ्या भिंती तिथे एकमेकींना धरून असतात. तो टाय आहे, टायबॅक नाही, कारण मागे स्थिर असं काही नाहीच.

पहिल्या कागदासाठी माझा सल्ला : ‘टायबॅक’ तसाच ठेवा, पहिल्या वेळी ‘भिंतीला मागच्या जमिनीत ताणून धरणारा अँकर’ एवढं जोडा. कामावरचे लोक ‘अँकर’च म्हणतात, तेही चालेल. ‘पश्चबंध’ असं काही घडवू नका.

बांधकामातच आणखी दोन जागी हा शब्द भेटतो. उंच इमारतीच्या बाहेरून लटकणारा कामगारांचा पाळणा छतावरच्या आकड्यांवर किंवा बाहेर काढलेल्या तुळयांवर टांगलेला असतो. ते आकडे निसटू नयेत म्हणून दोराने मागे बांधतात, तो टायबॅक. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत तो इमारतीच्या दर्शनी बाजूला काटकोनात हवा किंवा दोन्ही बाजूंना विरुद्ध कोनांत दोन हवेत, आणि इमारतीच्या मजबूत भागालाच बांधलेला हवा, असं आहे. पाण्याचे पाइप, हवेच्या नळ्या, विजेचे कंड्युइट यांना बांधायचं नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. असं लिहावं लागलं, म्हणजे कोणीतरी बांधत असणारच.

दुसरी जागा म्हणजे पडण्यापासून वाचवणाऱ्या पट्ट्याचा लॅनयार्ड, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याला अँकरशी जोडणारी, टोकाला हूक असलेली पट्टी. साधा लॅनयार्ड अँकरच्या आकड्यातच अडकवायचा असतो. तुळईभोवती गुंडाळून त्याचा हूक त्याच्याच पट्ट्यावर अडकवला तर पट्टा कडेवर कापला जातो आणि हुकाच्या फाटकावर, म्हणजे त्याचं तोंड मिटवणाऱ्या झडपेवर, आडवा जोर येतो. टायबॅक लॅनयार्ड मात्र अशाच वापरासाठी बनवतात : पट्टा जाड, झिजेला टिकणारा, आणि हुकाचं फाटक आडवा जोर सोसणारं किंवा मध्ये सरकती कडी दिलेली. इथे ‘बॅक’ म्हणजे स्वतःवरच परत. सुरक्षेच्या पुस्तिकेत हा शब्द आला तर ‘टायबॅक प्रकारचा’ असंच लिहा. फरक पुसला गेला तर माणूस चुकीचा पट्टा गुंडाळेल.

पडद्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कापडाची पट्टी, दोर किंवा गोंड्याची दोरी, भिंतीतल्या छोट्या हुकाला अडकवलेली. खालून एक तृतीयांश उंचीवर बांधली की पडदा छान झुकतो, वर बांधली की खिडकी जास्त उघडी वाटते. मराठीत ‘पडद्याचा बंद’ म्हणा. घरात लहान मूल असेल तर लोंबते फासे ठेवू नका, एवढंच.

दातांच्या क्षेत्रात हा शब्द मला फार उशिरा कळला, आणि ऐकल्यावर वाटलं, अरे, हे तर आपलंच काम. दात काढून झालेली फट मिटवायची असते तेव्हा पुढच्या दातांच्या तारेवर हूक असतो. तिथून मागच्या दाढेच्या नळीपर्यंत बारीक तार नेतात आणि मध्ये रबरी मॉड्यूल दोन-तीन मिलीमीटर ताणून बसवतात. हा ॲक्टिव्ह टायबॅक. पुढचे दात हळूहळू मागे येतात. रबर न घालता नुसती तार बांधली तर तो पॅसिव्ह टायबॅक : मिटलेली फट पुन्हा उघडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. आता कळीचा प्रश्न : कशाला बांधलंय? दाढेला. आणि दाढ काही खडक नाही. जेवढ्या जोराने ती पुढच्या दातांना मागे ओढते तेवढ्याच जोराने तीही पुढे ओढली जाते. दाढ पुढे सरकली की दंतवैद्य त्याला ‘अँकरेज गेलं’ म्हणतात. शब्दसुद्धा आमचाच. मुळं मोठी, म्हणून दाढ कमी सरकते, पण सरकते. ती धरून ठेवण्यासाठी हल्ली जबड्याच्या हाडात छोटे स्क्रू बसवतात, म्हणजे घसरप्रतलाच्या पलीकडे पकड न्यायची, आणखी काय!

आता तुमचा तिसरा कागद. घोड्यांना, विशेषतः उंच घोड्यांना, स्वरयंत्राच्या डाव्या बाजूच्या मज्जातंतूचा विकार होतो. हा तंतू मेंदूकडून निघून थेट स्वरयंत्राकडे जात नाही. छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येतो, आणि घोड्याची मान बघता ही वाट केवढी लांब ते कळेल. तो निकामी झाला की डाव्या बाजूची अ‍ॅरिटेनॉइड नावाची कूर्चा बाजूला सरायचं सोडून वाटेतच लोंबत राहते. धावताना श्वास आत ओढला की ती हवेबरोबर आत खेचली जाते, घरघर-गर्जना केल्यासारखा आवाज येतो आणि घोडा दमतो. १९७० पासून रूढ झालेली शस्त्रक्रिया अशी की त्या कूर्चेला न विरघळणारा जाड टाका घालायचा आणि मागच्या क्रिकॉइड कूर्चेला ताणून बांधायचा. जो स्नायू तिला ओढायचा त्याची जागा धागा घेतो. कागदोपत्री नाव प्रोस्थेटिक लॅरिंगोप्लास्टी, तबेल्यात सगळे टायबॅकच म्हणतात. म्हाताऱ्या लॅब्रेडॉर कुत्र्यांतही असाच टाका घालतात.

एका पशुशल्यचिकित्सकाने मला हे समजावलं तेव्हा मी विचारलं, ताण किती द्यायचा? तो हसला. म्हणाला, तिथेच तर सगळं आहे. कमी ओढलं तर हवेची वाट उघडत नाही. जास्त ओढलं तर ती कायमची उघडी राहते, गिळताना मिटत नाही, आणि चारा-पाणी श्वासनलिकेत जाऊन खोकला, पुढे फुप्फुसाचा संसर्ग. शिवाय टाका पहिल्या काही आठवड्यांत थोडा सैल पडतो, तेवढा हिशेब आधीच धरावा लागतो. आमच्याकडे स्ट्रँडचा ताण पाचरी बसताना थोडा उतरतो आणि तो धरूनच आम्ही ओढतो. त्याला ते सांगितलं तर म्हणाला, तुमच्या मातीला खोकला तरी येत नाही.

इथे ‘टायबॅक शस्त्रक्रिया’ लिहा आणि कंसाशिवाय एका वाक्यात टाका कुठून कुठे बांधतात ते सांगा. ‘कूर्चा मागे बांधण्याची शस्त्रक्रिया’ हेही छान वाचता येतं.

उरला तेलाचा कागद. इथे ‘मागे ओढणं’ डोक्यातून काढून टाका. समुद्रात एक मोठा प्लॅटफॉर्म आधीच उभा आहे, तिथे तेल, वायू आणि पाणी वेगळं करायची यंत्रं आहेत. त्यापासून काही किलोमीटरवर छोटं क्षेत्र सापडलं. त्याच्यासाठी वेगळा प्लॅटफॉर्म बांधणं परवडत नाही. मग विहिरी समुद्रतळावरच पूर्ण करायच्या, तिथून पाइपलाइन जुन्या प्लॅटफॉर्मपर्यंत आणायची, आणि उलट दिशेने एक जाड केबल सोडायची, जिच्यातून वीज, संदेश, हायड्रॉलिक तेल आणि रसायनं विहिरीकडे जातात. त्या केबलीला अम्बिलिकल म्हणतात, म्हणजे शब्दशः नाळ. मराठीत ‘नाळ जोडलेली असणं’ इतकं अचूक क्वचितच बसतं. या सगळ्या जोडणीला सबसी टायबॅक म्हणतात आणि ‘टायबॅकचं अंतर’ म्हणजे नव्या विहिरीपासून मूळ ठिकाणापर्यंतची लांबी. नॉर्वेतल्या स्नोव्हिट वायूक्षेत्रात मूळ ठिकाण थेट किनाऱ्यावर आहे. समुद्रावर प्लॅटफॉर्मच नाही, १४३ किलोमीटरची पाइपलाइन, २००७ पासून सुरू.

यातलं दुखणं बळाचं नाही, थंडीचं आहे. खोल समुद्राच्या तळाशी पाणी चारेक अंशांवर असतं. विहिरीतून गरम निघालेलं मिश्रण वाटेत थंड होतं, मेण पाइपच्या भिंतीला बसतं, आणि वायू व पाणी मिळून बर्फासारखे हायड्रेटचे खडे तयार होतात, जे अख्खा पाइप बुजवू शकतात. ग्लायकॉल सोडणं, पाइपला जाड आवरण घालणं, विजेने गरम ठेवणं, असे उपाय करतात. तुमच्या अहवालात ‘फ्लो ॲश्युरन्स’ची पानंच्या पानं असतील ती यामुळे. मराठीत ‘मूळ प्लॅटफॉर्मशी समुद्रतळावरून केलेली जोडणी’ असं एकदा लिहा, पुढे ‘सबसी टायबॅक’.

याच अहवालात विहिरीच्या आतलाही एक टायबॅक असू शकतो, तिथे सावध राहा. विहीर खोल जाते तसे एकात एक पोलादी नळ बसवतात. पोलाद वाचवायला खालचा नळ पृष्ठभागापर्यंत न आणता वरच्या नळाच्या तळाशी टांगतात, तो लायनर. पुढे वरचा नळ झिजला किंवा अपेक्षेपेक्षा जास्त दाब सोसावा लागणार असं दिसलं, की लायनरच्या माथ्यापासून विहिरीच्या तोंडापर्यंत नवा नळ सोडून त्याला जोडतात. हा टायबॅक स्ट्रिंग. इथे ‘बॅक’ म्हणजे परत वर, पृष्ठभागापर्यंत. एकाच पानावर दोन्ही टायबॅक आले तर एक समुद्रतळावर आडवा आहे आणि दुसरा विहिरीत उभा, एवढं लक्षात ठेवा.

वर्तमानपत्रांच्या जुन्या बोलीतही टायबॅक आहे : नव्या बातमीला आधीच्या घडामोडीशी जोडणारा परिच्छेद. आपल्याकडे ‘पार्श्वभूमी’ म्हणून भागतं.

तुमच्या खोदकामाच्या गठ्ठ्यात बहुधा करारही असेल, म्हणून जाता जाता एक. टायबॅकजवळ ‘होल्डबॅक’ दिसला तर लगेच हात घालू नका. पडद्यांच्या दुकानात होल्डबॅक म्हणजे भिंतीला पक्का बसवलेला धातूचा आकडा, ज्यामागे पडदा नुसता सारतात. करारात मात्र तो ठेकेदाराच्या बिलातून काम पुरं होईपर्यंत धरून ठेवलेला पैसा असतो, आणि त्याला ‘राखून ठेवलेली रक्कम’ म्हणायचं.